विनोदी पाहुणा आणि रिकामा स्टुडिओ : नव्या निवेदकांसाठी

सोलापुरात रेडिओवर निवेदन करू इच्छिणारी मुले माझ्याकडे येतात, तेव्हा विनोदी कलाकाराची मुलाखत सर्वांत सोपी असेल, असे बहुतेकांना वाटत असते. माझा अनुभव उलट आहे. हुतात्मा स्मृती मंदिर या आपल्या नाट्यगृहात ज्या वाक्याला हमखास हशा मिळतो, तेच वाक्य स्टुडिओच्या बंद भिंतींमध्ये पडून राहते, कारण तिथे प्रेक्षक म्हणून फक्त निवेदक बसलेला असतो. म्हणूनच या मुलाखतीत प्रश्नांइतकेच ऐकणे आणि हसणे हेही निवेदकाचे काम ठरते.

मात्र हे हसणे खरे असावे. प्रत्येक वाक्याला ‘हा हा’ करणारा निवेदक श्रोत्याला लगेच कळतो. खळखळून हसू आलेच, तर तोंड माइकपासून बाजूला वळवावे, नाहीतर आवाज फाटतो. पाहुण्याचा आवाज तपासताना नाव-गाव विचारून भागत नाही; विनोदाच्या शेवटच्या शब्दाला बहुतेक कलाकार आवाज चढवतात, म्हणून त्यांच्या सर्वांत चढ्या आवाजातले एखादे वाक्य म्हणवून घ्यावे आणि पातळी त्यावर ठरवावी.

‘आता एखादा विनोद सांगा’ ही विनंती मी कधीच करत नाही. ती ऐकताच उत्तम कलाकारही पाठांतर म्हणू लागतो. त्याऐवजी मुंबईला गेल्यावर घरून आलेली शेंगाचटणी खोलीतल्या मित्रांपासून कुठे लपवली, असे विचारले, की किस्सा आपोआप उलगडतो. किस्सा रंगात आला असताना ‘कोणत्या साली?’ असे मध्येच विचारू नये आणि शेवट झाल्यावर त्यातली गंमत समजावून सांगू नये. आधी चहावर बोलताना विषय तेवढे जाणून घ्यावेत. किस्से पूर्ण ऐकले, तर पुढे आपलेच हसू शिळे वाटते.

आपल्या शहरात पाहुणा मराठीतून सहज तेलुगू, कन्नड किंवा दखनीत शिरतो. शहराच्या तेलुगूबहुल पूर्व भागातल्या कलाकाराला अशा वेळी थांबवणे मला अरसिकपणाचे वाटते. पुढच्या प्रश्नातच मराठीत त्या प्रसंगाचा धागा द्यावा, म्हणजे बार्शी-करमाळ्याचा श्रोताही सोबत राहतो. एकमेकांना ‘काय बे’ म्हणण्याइतकी मैत्री असली, तरी सुरुवात ‘तुम्ही’ने करावी.

मर्यादांचे बोलणे मात्र माइक सुरू होण्यापूर्वीच स्पष्ट व्हायला हवे. आकाशवाणीची कार्यक्रम संहिता खासगी एफएम वाहिन्यांनाही बंधनकारक आहे. धर्म किंवा समाजांवरील हल्ला, अश्लीलता आणि बदनामीकारक मजकूर तिला चालत नाही. रंगमंचावर जातीवरून चिमटे काढणाऱ्या किंवा नेत्यांच्या नकला करणाऱ्या पाहुण्याला हे मोकळेपणाने सांगावे. थेट प्रसारणात हातवारे करून त्याला आवरणे म्हणजे त्याची लय मोडणे. ध्वनिमुद्रित मुलाखतीत कात्री लावता येते. पण विनोदाची सुरुवातीची मांडणी ठेवून शेवट कापण्यापेक्षा अख्खा किस्सा काढलेला बरा.

प्रयोगाची जाहिरात पाहुण्याकडून करवून घेऊ नये, त्यात तो अवघडतो. तारीख, वेळ, नाट्यगृह आणि तिकीट मिळण्याचे ठिकाण निवेदकाने स्वतः सांगावे, तेही शेवटच्या गाण्याआधी एकदा आणि गाण्यानंतर पुन्हा एकदा, कारण तोपर्यंत ऐकणाऱ्याच्या हाती कागद-पेन आलेले असते.