पचमढीला सायकलने जाताना गावं दुपारीच गाठा

नागपूरहून पचमढीला सायकलने निघायचं ठरवलं, की लोक आधी किलोमीटर विचारतात. मी त्यांना कागदावर चार आकडे लिहून देते. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, छिंदवाडा ६७५ च्या आसपास, तामिया हजाराच्या वर आणि पचमढी १०६७. हे आकडे समोर ठेवून दिवस आखा. सपाटीवर ऐंशी किलोमीटर सहज मारणारा माणूस घाटात पंचवीस किलोमीटरला दमतो, आणि दमलेला माणूस संध्याकाळी गावात पोचला की गाव न बघताच झोपतो. मग सातपुड्यात गेलात काय आणि वर्धा रोडला गेलात काय, सारखंच.

मी हा रस्ता तीनदा केला आहे, दोनदा भाच्यासोबत आणि एकदा एकटीने. पहिल्यांदा आम्ही छिंदवाडा एका दिवसात गाठायचं ठरवलं. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, आणि घाट नेमका शेवटी. पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. आता मी पहिला मुक्काम सौंसरला करते आणि तुम्हालाही तेच सांगेन.

पहाटे साडेचारला मानकापूरहून निघा. कोराडीपर्यंतचा रस्ता ट्रक वाढायच्या आत पार झाला पाहिजे. पाटणसावंगी मागे पडली की हवा बदलते. सावनेरला गरम तर्री पोहे खा, तर्री म्हणजे वरचा तिखट रस्सा बेतानेच घ्या. पुढे केळवद, मग मध्य प्रदेशाची हद्द. पण सौंसरपर्यंत संत्र्याच्या बागाही आपल्या आणि बोलीही आपली, दुकानात मराठीतच भाव करा. दुपारी बाराच्या आत पोचलात तर जेवून दोन तास झोपा आणि संध्याकाळी जामसावळीच्या हनुमंताचं दर्शन घ्या. तिथली मूर्ती पहुडलेली आहे.

दुसऱ्या दिवशी रामाकोना आणि मग सिल्लेवानी घाट. घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवरच्या बाईने मला बाटल्या दाखवायला सांगितल्या आणि म्हणाली, "पानी यहीं भर लो, ऊपर कुछ नहीं मिलेगा." तिचं ऐका. एका माणसाला तीन लिटर धरा.

चढाचं तंत्र एवढंच, की चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करा. पायांवर जोर आल्यावर गिअर बदलला की चेन कटकट करते, कधी निसटते, आणि वळणावर मागून ट्रक येत असताना सायकल डगमगते. मागच्या चाकावरचं सर्वांत मोठं दातेरी चक्र निदान ३२ दात्यांचं हवं, ३४ चं असलं तर उत्तम. भाचा अर्ध्या घाटात म्हणाला, "मावशी, उतरून चालू का?" मी म्हटलं, चाल, पण थांबू नको. बसलं की मांड्या आखडतात आणि पुन्हा चढायला मन होत नाही. दहा मिनिटं सायकल ढकलून तो परत बसला आणि वर पोचला. चालण्यात कमीपणा नाही.

वर उमरानाला येतं आणि तिथून छिंदवाडा सोपं. इथे दुपार मोकळी ठेवा. बादल भोई आदिवासी संग्रहालय १९५४ पासूनचं आहे. पुढे ज्या गोंड आणि भारिया लोकांच्या गावांतून जाणार आहात, त्यांची अवजारं, दागिने, घरं तिथे आधी बघून घ्या. मी ते तिसऱ्या खेपेला पाहिलं, आणि पहिल्या दोन खेपांना रस्त्यातलं किती काही नजरेतून सुटलं होतं ते तेव्हा कळलं.

राहण्याबद्दल जरा सविस्तर सांगते. एकटीने गेले तेव्हा या रस्त्यावरच्या एका लॉजवाल्याने, बाई एकटी आहे म्हणून, अंधार पडल्यावर खोली नाकारली. सामान सायकलवर बांधलेलं, पाय लटपटत होते, आणि दुसरी जागा शोधायला दीड तास गेला. तो राग अजून गेलेला नाही. तेव्हापासून मी निघायच्या आधी फोन करते आणि चार गोष्टी विचारते: एकट्या बाईला खोली देता का, सायकल खोलीत किंवा तळमजल्यावर कुलपात राहील का, सकाळी गरम पाणी मिळेल का, आणि पहाटे पाचला फाटक कोण उघडेल. चौथा प्रश्न लोक विसरतात आणि पहाटे दारामागे अडकून बसतात.

छिंदवाडा ते तामिया साठेक किलोमीटर, वाटेत परासियाची कोळसा खाणीची वस्ती. परासियात कोळशाचे ट्रक असतात, तेवढा टप्पा सकाळीच काढा. नंतर जंगल आणि चढ. तामियात दोन रात्री राहा, हे मी आग्रहाने सांगते. विश्रामगृहामागच्या कड्यावरून संध्याकाळी दऱ्या एकामागे एक निळ्या होत जातात. दुसऱ्या दिवशी सायकलला विश्रांती द्या आणि जीप करून पाताळकोटला जा. घोड्याच्या नालासारखी खोल दरी, तिच्यात बारा गावं. खाली उतरलात तर लोकांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका. ते त्यांचं घर आहे. कोदो-कुटकी, म्हणजे तिथलं भरडधान्य, मिळाली तर विकत घ्या, किलोभर वजन पचमढीपर्यंत जड होत नाही.

तामिया ते पचमढी ऐंशीच्या आसपास किलोमीटर, आणि हाच दिवस सगळ्यांत कठीण. मटकुलीपर्यंत तुम्ही कमावलेली उंची खाली सोडता, देनवा नदी ओलांडता आणि पुन्हा तीसेक किलोमीटर चढता. म्हणून उतार सावकाश घ्या. दोन्ही ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते आणि पॅड झिजतात. वळणाआधी ब्रेक दाबा, वळणात सोडा. निघायच्या आदल्या रात्री ब्रेक पॅड हाताने तपासा. त्यावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर लगेच बदला. मी दोन जोड्या सोबत ठेवते, ट्यूबही दोन. मटकुलीला पोटभर खा. पुढे जंगल आहे, अंधार पडायच्या आत वर पोचायचंच. तीन वाजून गेले असतील तर मटकुलीहून जीप करा.

नागपूरकराचं पचमढीशी जुनं नातं आहे. ब्रिटिशांच्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि उन्हाळ्यात कारभार पचमढीला हलायचा. बायसन लॉज १८६२ चं, आज तिथे संग्रहालय आहे. पण आमच्या घरात पचमढी म्हणजे महादेव. आजी महाशिवरात्रीला महादेवाच्या पोह्याबरोबर, म्हणजे यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर, चालत पचमढीजवळच्या चौरागडच्या डोंगरावर गेली होती. त्रिशूळ खांद्यावर घेतलेले यात्रेकरू तिथे आजही चढतात. महाशिवरात्रीला, तसंच नागपंचमीच्या आसपास नागद्वारच्या यात्रेला सायकल नेऊ नका. रस्त्यावर बसगाड्यांची रीघ असते आणि राहायला जागा मिळत नाही. दसऱ्यानंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी असते, कानटोपी विसरू नका.

पचमढीत दोन दिवस ठेवा. जटाशंकर, पांडव लेणी आणि बाजार सायकलवर होतात. धूपगडला मी जिप्सीने जाते. सातपुड्याचं सर्वांत उंच टोक, १३५० मीटर, तिथला सूर्यास्त थकल्या पायांनी बघण्यात अर्थ नाही.

परतीला पिपरियापर्यंत ५४ किलोमीटर, बहुतेक उतार. तिथून इटारसीमार्गे नागपूरची गाडी. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, सामान म्हणून जाते. दोन तास आधी स्टेशनवर जा, पंप, बाटल्या, दिवे काढून पिशवीत घ्या, पेडल आत वळवून सुतळीने बांधा, आणि हँडलला नाव, फोन आणि "नागपूर" लिहिलेला पुठ्ठा दोन ठिकाणी लावा. एक फाटला तरी दुसरा राहतो. पावती खिशात ठेवा. नागपूरला ती दाखवल्याशिवाय सायकल मिळत नाही.