नोकरी मुंबईत, घर मुंबईबाहेर: राहण्याचे गाव कसे निवडावे

मुंबईत नोकरी आहे पण मुंबईत घर परवडत नाही, अशा कुटुंबापुढे बदलापूर, टिटवाळा, विरार, पनवेल ही नावे येतात ती बहुधा दराच्या क्रमाने. इतक्या लाखांत इथे दोन खोल्या, तितक्यातच तिथे तीन, असा हिशेब आधी मांडला जातो आणि लोकलचे वेळापत्रक नंतर उघडले जाते. हा क्रम उलटा असावा. घर दाखवण्याचा कार्यक्रम साधारणपणे रविवारी असतो. त्या दिवशी (मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद, नसेल तर) गाडीत बसायला जागा मिळते, स्थानकाबाहेर रिक्षा रिकाम्या उभ्या असतात आणि विकसकाची मोटार थेट इमारतीपाशी नेऊन सोडते. आपल्याला मात्र तिथे जुलैतल्या एखाद्या मंगळवारीही राहायचे असते. म्हणून गाव निवडताना त्याचा वाईट दिवस कसा असतो हे शोधून काढावे आणि तो दिवस आपल्याला सोसवेल की नाही यावर निर्णय घ्यावा.

पहिली गोष्ट म्हणजे कार्यालयाचा पत्ता. ‘नोकरी मुंबईत आहे’ एवढ्याने काहीच ठरत नाही. कोणत्या स्थानकावर उतरायचे आणि तिथून पुढे कसे जायचे, हे ठरले की निम्मी नावे आपोआप गळतात. फोर्ट किंवा परळला जाणाऱ्या माणसाला मध्य रेल्वेवरचे गाव सोयीचे असते. अंधेरीला जाणाऱ्याला मात्र त्याच गावाहून निघून घाटकोपरला उतरून मेट्रो पकडावी लागते किंवा दादरचा पूल ओलांडावा लागतो, तर वसईहून तोच प्रवास एका गाडीत होतो. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना कल्याणकडून येताना ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल) गाठावी लागते. कळवा-ऐरोली उन्नत मार्गाने ही अदलाबदल टळणार असे सांगितले जाते, पण त्या योजनेतले दिघा गाव स्थानक तेवढे जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. गाडी बदलण्यात वेळापत्रकात दिसणारी पाच मिनिटे कधीच पुरत नाहीत. जिना, पुलावरची गर्दी आणि चुकलेली पुढची गाडी धरून पंधरा-वीस मिनिटे मोजावीत. एकापेक्षा अधिक वेळा गाडी बदलावी लागणारे गाव, दर कितीही आकर्षक असला तरी, मी यादीतून काढून टाकण्याचाच सल्ला देईन. पती-पत्नी दोघेही नोकरी करत असतील आणि एकाची नोकरी पश्चिम रेल्वेवर, दुसऱ्याची मध्य रेल्वेवर असेल, तर दिवा-वसई मार्गावर भिस्त ठेवू नये. नकाशावर तो दोन्ही मार्ग जोडतो, पण त्यावर दिवसभरात मोजक्याच मेमू (छोट्या अंतराच्या प्रवासी गाड्या) धावतात.

आता गाडी. अंतराचे आकडे इथे दिशाभूल करतात. सीएसएमटीपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटरवर आहे, कल्याण ५४, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८, कर्जत १००, तर कसारा सुमारे १२१ किलोमीटरवर. चर्चगेटपासून विरार ६० आणि डहाणू सुमारे १२४ किलोमीटर. हार्बर मार्गावरचे पनवेल अवघ्या ४९ किलोमीटरवर असले तरी त्या मार्गावर जलद गाड्या नसल्यामुळे सीएसएमटीला पोहोचायला सुमारे ऐंशी मिनिटे लागतात. किलोमीटरपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, आपल्या वेळेची गाडी कुठून सुटते. अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, आसनगाव इथून लोकल सुटतात, त्यामुळे लांब राहणाऱ्याला बसून जाण्याची आशा असते. डोंबिवलीकर जवळ राहूनही सकाळी आठच्या जलद गाडीत दारात पाय ठेवायला जागा शोधत असतो. ही आशा पूर्ण खरी मानू नये, कारण अलीकडच्या स्थानकांवरचे प्रवासी आधीच डाउन (मुंबईपासून दूर जाणाऱ्या) गाडीने उलटे येऊन जागा धरतात, आणि फलाटाला लागणारी ‘रिकामी’ लोकल निम्मी भरलेलीच येते. विरार-नालासोपारा-वसई या पट्ट्यात गाड्या पुष्कळ आहेत, पण गर्दी त्याहून मोठी आहे. विरार लोकलमध्ये बोरिवलीला उतरायचे असेल तर त्याची तयारी कधी सुरू करावी, हे तिथल्या नेहमीच्या प्रवाशालाच विचारावे.

कल्याणच्या पुढे कर्जत आणि कसारा या दोन्ही दिशांना लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या मुख्यतः दोनच मार्गिकांवरून धावतात. एक इंजिन बंद पडले, एक ओव्हरहेड वायर तुटली, तरी मागचे सगळे खोळंबते. बदलापूरपर्यंत तिसऱ्या-चौथ्या आणि कसाऱ्यापर्यंत तिसऱ्या मार्गिकेचे काम चालू आहे. ते पूर्ण होईपर्यंत हा धोका धरूनच चालावे. विरारच्या पलीकडेही हीच स्थिती आहे: सफाळे, पालघर, बोईसर ही गावे मोकळी, तुलनेने स्वस्त आणि राहायला छान आहेत, २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकलही जातात, परंतु त्यांची संख्या थोडी आहे. म्हणून वेळापत्रक पाहताना दिवसभरातल्या एकूण गाड्या मोजू नयेत. आपल्याला निघायचे त्या एका तासात किती गाड्या आहेत आणि त्यांतली एक चुकली तर पुढची किती वेळाने आहे, एवढेच पाहावे. ज्या कार्यालयात लेटमार्क लागतो तिथल्या कर्मचाऱ्याला अर्ध्या तासाने एक गाडी असलेले गाव चालणार नाही. ज्याला आठवड्यातून दोनच दिवस जायचे आहे त्याला कर्जतही चालेल, आणि पुण्याकडे नातेसंबंध असतील तर ते अधिकच सोयीचे पडेल.

गर्दी हा केवळ गैरसोयीचा विषय नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ कसाऱ्याकडे जाणारी आणि कर्जतहून सीएसएमटीकडे येणारी अशा दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतल्या किमान चौघांचा मृत्यू झाला. म्हणून गाव पक्के करण्यापूर्वी कामाच्या दिवशी, आपल्याच वेळेला, जाऊन येऊन पूर्ण प्रवास करून पाहावा. परतीचा प्रवास सकाळपेक्षा महत्त्वाचा समजावा: सकाळी निदान गाडी सुटते तिथून चढता येते, संध्याकाळी दादरला किंवा घाटकोपरला ती भरूनच येते. स्त्रियांनी ही चाचणी स्वतः करावी, घरातल्या पुरुषाच्या अनुभवावर विसंबू नये. महिलांचा डबा आपल्या स्थानकात पुलापासून किती दूर थांबतो, रात्री दहानंतर त्या टोकाला दिवे आणि माणसे असतात का, हे त्यांनाच कळेल. शेवटची लोकल किती वाजता सुटते हेही लिहून ठेवावे, कारण ती चुकली की कल्याणपुढच्या माणसाला भाड्याची गाडी परवडत नाही आणि पहाटेपर्यंत फलाटावर बसणे उरते.

स्थानकापासून घरापर्यंतच्या टप्प्यावर जाहिराती सर्वाधिक उदार असतात. ‘दहा मिनिटे’ म्हणजे कोणत्या वाहनाने आणि किती वाजता, हे विचारावे. शक्यतो चालत जाऊन पाहावे. संध्याकाळी सातला शेअर रिक्षाची रांग किती लांब असते आणि रात्री अकराला तोच रिक्षावाला सीटप्रमाणे नेतो की ‘स्पेशल’च मागतो, हे एका फेरीत कळते. नवी मुंबईची स्थानके प्रशस्त असली तरी खारघरसारख्या नोडमध्ये (नियोजित वसाहतीत) आतली सेक्टरे स्थानकापासून बरीच लांब आहेत. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाल्यावर तिच्या वाटेवरच्या भागाचे हे दुखणे पुष्कळ हलके झाले.

पाण्याबद्दल विकसकाला काहीही विचारू नये; त्याचे उत्तर नेहमी चोवीस तास असेच असते. शेजारच्या जुन्या सोसायटीच्या सचिवाकडे एप्रिल आणि मे महिन्यांची टँकरची बिले पाहायला मागावीत. अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देते, वसई-विरारची भिस्त सूर्या नदीच्या योजनांवर आहे, नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे. पण जलवाहिनीच्या टोकाला असलेल्या नव्या इमारतीपर्यंत त्यातले किती पोहोचते, हा वेगळा प्रश्न आहे. धरण जवळ असणे म्हणजे पाणी असणे नव्हे. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

पाण्याचा दुसरा अवतार पावसाळ्यात दिसतो. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने बदलापूर परिसरात काय केले, हे तिथले जुने रहिवासी अजून सांगतात. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दरम्यान रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या होत्या. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांमधल्या पट्ट्यात अटी असतात. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विकास आराखड्यावर आपला भूखंड या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, ते पाहता येते. त्याबरोबरच रस्त्यावरच्या वाण्याला आणि पिठाच्या गिरणीवाल्याला पाणी कुठवर चढले होते ते विचारावे. ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

कागदपत्रे वकिलाकडून तपासून घ्यावीतच, परंतु काही भागांत ही तपासणी गाव निवडण्याचाच भाग ठरते. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची) नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. नालासोपारा पूर्वेला आरक्षित जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारतींवरही अशीच कारवाई झाली, आणि तिथे कुटुंबे राहत होती. तेव्हा केवळ महारेरा क्रमांकावर समाधान मानू नये. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र घेऊन संबंधित महापालिकेत जावे आणि ते त्यांच्या दप्तरी आहे का, हे विचारावे. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. ग्रामपंचायत हद्दीत सरपंचाच्या सहीचा दाखला म्हणजे बहुमजली इमारतीची परवानगी नव्हे. आणि नोंदणीकृत करारापूर्वी विकसकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. कोणी मागितली तर तिथेच बोलणे थांबवावे.

‘लवकरच येणाऱ्या’ सोयींची किंमत आजच्या दरात आधीच लावलेली असते. उरणची रेल्वे १९९० च्या दशकात मंजूर झाली, नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पोहोचली. त्याच महिन्यात अटल सेतू खुला झाला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणेही सुरू झाली. म्हणजे गोष्टी होतात, नाही असे नाही. पण उरणच्या रेल्वेवरच्या उलव्यात त्यांच्या भरवशावर लवकर घर घेतलेल्यांनी मधली वर्षे रस्त्यावरच्या प्रवासात काढली. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोचे नाव घेऊन कोणी दर वाढवून सांगत असेल, तर ती मेट्रो नाहीच असे धरून हिशेब करावा.

एवढे करूनही शंका उरत असेल, आणि ती उरायला हवी, तर त्या गावात आधी अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने राहावे. शाळेत जाणारी मुले असतील तर हे अवघड जाते हे खरे. मग निदान जूनच्या प्रवेशाआधीच मुक्काम हलवावा. करार मे महिन्यात सुरू केला, तर टंचाईचे शेवटचे आठवडे आणि पूर्ण पावसाळा दोन्ही पाहून होतात, रात्री डॉक्टर मिळतो का, आठवड्यातून किती वेळ वीज जाते, याचीही कल्पना येते. भाड्याचे घर ज्या बाजूला पुढे विकत घ्यायचा विचार आहे त्याच बाजूला, पूर्वेला असेल तर पूर्वेला, घ्यावे, आणि विकत घेण्याची बोलणी दिवाळीनंतर सुरू करावीत.