स्पॅनिश शब्द तोडायचा कुठे आणि जोर द्यायचा कुठे

माझी भाची इथे इंदूरलाच घरी बसून स्पॅनिश शिकतेय, परवा पोहे-जलेबी खाता खाता वाचून दाखवत होती तर 'पापा'मधल्या पहिल्या पा वर जोर दिला आणि झालं, तिचे बाबा बँकेत जायच्या ऐवजी बटाटा बँकेत गेला. लॅटिन अमेरिकेत पापा म्हणजे बटाटा, शेवटच्या पा वर जोर दिला तरच बाबा. मराठीत जोरामुळे असा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे जातच नाही.

आधी शब्द तोडा, टाळी वाजवत. दोन स्वरांमधे एक व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं, का-सा, मे-सा. दोन असतील तर एक इकडे एक तिकडे, कान-तार. आता आपली खरी अडचण, आपण 'मित्र' म्हणताना जीभ त् वर अडवतो आणि त्याच सवयीनं लिब्-रो, पाद्-रे म्हणतो. तिथे प, ब, क, ग, फ, त, द च्या मागे र आला की जोडी फोडतच नाहीत, म्हणून ली-ब्रो, पा-द्रे. प, ब, क, ग, फ नंतर ल आला तरी तसंच, आ-ब्लार. हे एवढं जमलं ना की उच्चार लगेच सुधारतो, खरंच करून बघा.

आ, ए, ओ हे दणकट स्वर, दोन शेजारी आले तर वेगळे राहतात, पो-ए-ता. इ आणि उ हलके, ते दणकट स्वराला चिकटतात, ब्वे-नो. पण हलक्या स्वरावर तिरकी रेघ असेल तर तो सुटा होतो, दी-आ.

मग जोर. स्पेलिंग स्वर, एन किंवा एसने संपत असेल तर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, का-सा, का-सास. बाकी सगळ्यांना शेवटच्या तुकड्यावर, ओ-तेल, को-मेर, स्यु-दाद. नियम मोडला की स्वरावर रेघ काढतात, जोर तिथेच, ते-ले-फो-नो मधे ले वर. 'आब्लो' म्हणजे मी बोलतो, पण शेवटच्या ओ वर रेघ आली की तो बोलला!

कान-स्योन म्हणजे गाणं, त्यात शेवटी रेघ असते, अनेकवचनात कान-स्यो-नेस झालं की रेघ जाते, भाचीला वाटलं पुस्तकात छापायचं राहिलं. राहिलं नाही, आता स्यो आपोआप शेवटून दुसरा झालाय.

आता मा-री-पो-सा, म्हणजे फुलपाखरू, तोडून बघा. शेवटी स्वर, रेघ नाही, म्हणजे जोर पो वर.