जुना टेबल लॅम्प: आधी शेड, मग रंग

जुन्या सामानाच्या दुकानात कोपऱ्यात पडलेल्या दिव्याचा रंग बघूनच बहुतेक जण पुढे निघून जातात. मी रंगाकडे बघतच नाही. रंग बदलता येतो, शेड बदलता येते, वायर बदलता येते. बुडाचा घाट मात्र आहे तोच राहतो. म्हणून मी आधी शेड काढून बाजूला ठेवते, दोन पावलं मागे सरकते आणि नुसतं बूड बघते. मान कुठे निमुळती होते, पोटाचा फुगीर भाग वर आहे की खाली, बैठक रुंद आहे की नाही. हे जमून आलेलं असेल तर वरची झिलई कितीही भडक असो, दिवा घेण्यासारखा आहे.

मग हात लावून बघायचं. चिनीमातीचा असेल तर नखाने टिचकी मारा. अखंड भांडं खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. धातूचा असेल तर छोटं लोहचुंबक लावा, मी पर्समध्ये एक ठेवतेच. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. दिवा सपाट जागेवर ठेवून हलकेच ढकला. तो डुगडुगत असेल तर बुडाखालचं जाड कापड झिजलंय किंवा मधला पाइप सैल झालाय, दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. होल्डर जळून काळपट झालाय, म्हणून दिवा सोडू नका. होल्डर नवाच घालायचा असतो.

या लेखात मी ज्या दिव्याबद्दल सांगतेय तो चिनीमातीचा आहे. गडद चॉकलेटी चकाकती झिलई, मानेला सोनेरी रंग दिलेलं पत्र्याचं कडं आणि पिवळी पडलेली, एका बाजूला कललेली शेड. घाट मात्र इतका सुरेख, की तो तिथेच सोडून येणं मला शक्य नव्हतं.

घरी आणल्यावर पहिलं काम विजेचं. पिन भिंतीतून काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. बुडाखालचं कापड पातळ सुरीने अलगद सोडवा. त्याखाली एक नट दिसेल, तो होल्डरपासून खालपर्यंत जाणाऱ्या आट्यांच्या पाइपला धरून असतो. नट सोडवला की दिवा सुटा होतो. प्रत्येक भाग काढताना फोटो घ्या आणि त्याच क्रमाने एका जुन्या टॉवेलवर मांडून ठेवा. चकत्या आणि कडी यांचा क्रम नंतर आठवत नाही.

वायर वाकवून बघा. ती कडक झाली असेल, वाकवल्यावर भेगा दिसत असतील किंवा वर कापडाचं वेष्टण असेल, तर ती पूर्ण बदला. मधेच चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका. चिनीमाती किंवा लाकडाच्या साध्या दिव्याला ०.७५ चौरस मिलिमीटरची दोनपदरी वायर पुरते. दिव्याचं अंग धातूचं असेल तर तीनपदरी घ्या आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची तार धातूला घट्ट जोडा. आट्यांच्या होल्डरमध्ये फेजची, म्हणजे वीज आणणारी, तार मधल्या टोकाला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांच्या भागाला जोडायची, कारण बल्ब फिरवताना बोट त्या आट्यांना लागू शकतं. होल्डरच्या टोपणात वायरच्या दोन्ही पदरांची एक गाठ मारा, म्हणजे कुणाचा पाय वायरीत अडकला तरी ओढ गाठीवर येते, जोडांवर नाही. यातलं काही उमगत नसेल तर एवढा भाग वायरमनकडून करून घ्या. बाकी सगळं तुमच्याच हातचं असेल.

आता शेड. रंगाचा डबा उघडण्याआधी मी शेडचं माप ठरवते, कारण दिव्याचं रूप ठरतं ते बूड आणि शेड यांच्या प्रमाणावर. ढोबळ हिशोब असा, की शेडची उंची बुडाच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश असावी आणि तिचा खालचा व्यास बुडाच्या उंचीच्या आसपास असावा. बुडाची उंची म्हणजे टेबलापासून होल्डरच्या खालच्या कडेपर्यंत. होल्डर मात्र शेडने पूर्ण झाकलाच पाहिजे, तो दिसत राहिला की सगळी मेहनत वाया जाते. पण आकडे फक्त सुरुवातीला मदत करतात. मी जाड कागदाची कच्ची शेड करते, चिकटपट्टीने जोडते आणि दिव्यावर धरून आरशात बघते. आरशात प्रमाण चटकन कळतं. कागदाची कड एक-दोन सेंटिमीटर कापून पुन्हा बघते.

निमुळत्या शेडचा कागद कापायला थोडं गणित लागतं, पण ते सोपं आहे. समजा वरचा व्यास १५ सेंटिमीटर हवा, खालचा ३० आणि तिरकी बाजू २०. तिरकी बाजू गुणिले खालचा व्यास, भागिले दोन व्यासांतला फरक: २० गुणिले ३० भागिले १५, म्हणजे ४०. ही बाहेरच्या कमानीची त्रिज्या. त्यातून तिरकी बाजू वजा केली की आतल्या कमानीची त्रिज्या, २०. आणि कोन म्हणजे १८० गुणिले दोन व्यासांतला फरक, भागिले तिरकी बाजू, इथे १३५ अंश. दोऱ्याला पेन्सिल बांधून या दोन कमानी काढल्या, की हवा तोच कागद हातात येतो. जुनी शेड सरळ असेल तर गणितही नको. तिचा जोड कागदावर टेकवून ती एक पूर्ण फेरी घरंगळवा, पेन्सिलने खालची कड आखत जा, मग तशीच पुन्हा फिरवून वरची.

माझ्या दिव्याच्या शेडचा तारेचा सांगाडा मजबूत होता, पिवळा कागद तेवढा सोलून काढला. तारेवर गंज असेल तर घासून एक पातळ पांढरा हात द्या, नाहीतर दमट हवेत गंजाचे डाग कापडावर उमटतात.

शेडचं माप ठरलं की बुडाचा रंग सुचतो. रुंद, फिकट शेडखाली गडद बूड जड वाटायला लागतं, तर लहान गडद शेडखाली तेच बूड शोभून दिसतं. मला फिकट सुती शेड हवी होती, म्हणून बुडाला न भाजलेल्या मातीसारखा करडा-पांढरा रंग द्यायचं ठरवलं.

चकाकत्या झिलईवर रंग थेट दिला तर तो महिनाभरात पापुद्र्यासारखा सुटतो. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग स्पिरिटच्या चिंधीने पुसा. त्यानंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून सगळीकडे हलका फिरवा. झिलई काढायची नाही, तिची चकाकी फक्त मारायची. जुन्या रंगवलेल्या वस्तूंच्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे आधीचा रंग असलेला दिवा कोरडा कधीच घासू नका. धूळ नाकात जाते आणि घरात लहान मूल असेल तर धोका मोठा. गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर घ्या, एक पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या.

मातीचा खडबडीतपणा आणायला ॲक्रेलिक रंगात खाण्याचा सोडा मिसळायचा. तीन-चार चमचे रंगाला एक चमचा सोडा. मिश्रण फुगून घट्ट होतं, म्हणून एका वेळी थोडंच करा. जुना, केस राठ झालेला ब्रश घ्या आणि फटकारे आडवे-तिडवे मारा. एकाच दिशेने मारलेत तर ब्रशच्या रेघा दिसतात. पहिला हात वाळला की दुसरा. त्यावर पाणी घालून पातळ केलेला तपकिरी रंग मानेच्या खाचेत आणि बैठकीच्या कडेला लावून ओल्या चिंधीने लगेच पुसायचा. खोलगट जागी तो जरासा उरतो आणि घाट उठून दिसतो. माझ्यासाठी सगळ्या कामात सर्वांत आनंदाचा भाग हाच. शेवटी बिनचकाकीचा वार्निशचा एक हात. स्प्रे वापरणार असाल तर डबा २५-३० सेंटिमीटर लांब धरा, हात सतत सरकता ठेवा आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर द्या. रंग हाताला तासाभरात कोरडा लागतो, पण पूर्ण घट्ट व्हायला काही आठवडे जातात, तोवर दिव्याला पुस्तकं टेकवून ठेवू नका.

मानेचं पत्र्याचं कडं मी काळपट ब्राँझ रंगात रंगवलं. ते खऱ्या पितळेचं असतं तर रंगाचा थेंबही लावू दिला नसता. पितळ सगळं लखलखीतही करू नये. उंचवट्यांवर पॉलिश करा, खाचांमधला काळेपणा राहू द्या. लाकडी बूड असेल तर जवसाच्या तेलाचा एक हात त्याला फार खुलवतो. फक्त तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते. बाहेर पसरून वाळवा. आणि स्प्रिंगच्या हातांचा अभ्यासाचा दिवा मिळाला, ज्याची रचना जॉर्ज कारवर्डाइन या इंग्लिश अभियंत्याने १९३०च्या दशकात केली, तर स्प्रिंगा आणि सांधे झाकूनच रंगवा. रंग आत गेला की हात आहे तिथे थांबत नाही.

शेडचं कापड कापण्याआधी ते पेटलेल्या बल्बसमोर धरा. दिवसा सुंदर दिसणारं कापड रात्री मळकट दिसू शकतं आणि सुतातल्या गाठी ठळक होतात, कधी त्या फार छानही दिसतात. गडद, जाड कापडातून उजेड आरपार येत नाही, फक्त वर आणि खाली पडतो. खोलीत मंद वातावरण हवं असेल तर हे चांगलं, वाचायला नाही. कागदाच्या मापाने कापड कापा, वर-खाली दीड सेंटिमीटर आणि जोडाला दोन सेंटिमीटर जास्त ठेवा. कागदाच्याच मापाने कापलेल्या शेडच्या जाड शीटवर चिकट द्रव्याचा अगदी पातळ थर पसरवा आणि कापड मधूनच कडांकडे तळव्याने दाबत न्या. मग शीट तारेवर गुंडाळा, कापडाच्या कडा आत दुमडा, कपड्यांचे चिमटे लावा आणि रात्रभर हात लावू नका.

बल्ब घेताना होल्डर बघा, आट्यांचा ई२७ की दोन खुंट्यांचा बी२२. होल्डरवर लिहिलेल्या वॉटपेक्षा जास्त कधीच नको. एलईडी घ्या, तो कमी तापतो आणि कापड टिकतं. उजेडाची रंगछटा २७०० केल्विन, म्हणजे पिवळसर. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात हे मातीचे रंग निर्जीव होतात. बाजूला मंद उजेडासाठी ४००-५०० लुमेन (बल्बच्या उजेडाचं माप) पुरे, वाचायला ८०० च्या आसपास. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. नेहमीच्या एलईडी बल्बचा खालचा अर्धा भाग बंद असतो, त्यामुळे शेडचा खालचा पट्टा अंधारा राहतो. काचेतून पिवळ्या तारा दिसतात तो फिलामेंट एलईडी चारी बाजूंना उजेड फेकतो आणि शेड सगळीकडून सारखी उजळते.

दिवा जागेवर ठेवून, खुर्चीत बसून एकदा बघा. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना बल्ब दिसत असेल तर शेड एखाद्या चकतीने खाली घ्या किंवा दिवा उंच टेबलावर न ठेवता खालच्या टेबलावर ठेवा. बुडाखाली नवं जाड कापड चिकटवायचं ते अगदी शेवटी, नट पुन्हा एकदा आवळून झाल्यावर.