गायागुमचा कंप अखेर जमला

गायागुम हे 12 रेशमी तारांचं कोरियन वाद्य. 1983 च्या कार्प्लस-स्ट्राँग पद्धतीने (आवाजाचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून तारेचा नाद काढायचा) संगणकावर त्याचा आवाज बनवत होतो. साधा छेड ठीक, पण नोंगह्योन, म्हणजे डाव्या हाताने तार दाबून काढलेला कंप, दिला की खरखर! सेकंदाला 44,100 सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने, असतील तर 220 हर्ट्झच्या सुरासाठी 200.45 सॅम्पलचा डिले, म्हणजे फिरणाऱ्या तुकड्याची लांबी, लागतो; मी पूर्णांकच घेत होतो. सूर पायऱ्यांवरून उड्या मारायचा. लिनिअर इंटरपोलेशन, म्हणजे दोन शेजारच्या सॅम्पलमधली किंमत सरळ रेषेने काढणं, घातलं, खरखर गेली. त्याने आवाज जरा बोथट होतो, पण रेशमाला ते शोभलंच.

तरी कंप खोटाच वाटे. मोकळी तार दाबली की सूर फक्त चढतो, मूळ सुराखाली उतरत नाही. (सतारीची मींड ऐकत वाढलो, तरी हे सुचायला दोन रात्री गेल्या!) सूर वर-खाली हलवणारी साइन लहर वर सरकवून तिचा तळ मूळ सुरावर टेकवला.