सिग्नलला गाडी थरथरते? फाउंडेशन बदलण्याआधी काटा बघा

नाशिकच्या मुंबई नाक्याला सिग्नल लागला की स्टिअरिंग आणि सीट थरथरते, गाडी निघाली की सगळं ठीक. अशा तक्रारीवर सर्रास फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंटिंग) बदललं जातं आणि खरा दोष प्लगमध्ये निघतो.

इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद, गाडी न्यूट्रलला. पेट्रोल गाडीचा काटा साधारण 700 ते 900 आरपीएमवर स्थिर हवा. काटा स्थिर, सायलेन्सरचा आवाज एकसारखा, तरी केबिन थरथरते, तर फाउंडेशनवर संशय घ्या. काटा वरखाली होत असेल किंवा आवाजात ठोका चुकत असेल, तर मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. वॅगनआर 1.0, टियागो, क्विड यांची इंजिनं तीन सिलिंडरची; थोडी थरथर त्यांना जन्मजातच. वाढली असेल तरच मागे लागा.

मिसिंगला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी0301 म्हणजे पहिला सिलिंडर, पी0302 म्हणजे दुसरा. समजा पी0301 आला. इंजिन बंद करून या दोन सिलिंडरच्या कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) अदलाबदल करा, कोड पुसा, पुन्हा चालू करा. आता पी0302 आला तर कॉइलच गेली. कोड जागचा हलला नाही, तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही पहिलाच दाखवत असेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. ते गॅरेजवर सोडा. प्लग थंड इंजिनावरच काढा आणि बसवताना आधी हातानेच फिरवा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले की खर्च कुठल्या कुठे जातो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

कोड नाही, पण काटा नाचतो? इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करा (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नका) आणि व्हॅक्यूमचे पाइप चिरलेत का बघा. सूं असा आवाज येतो. गाडी मखमलाबादकडच्या मळ्यांत उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही.

फाउंडेशन तपासायला बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा. गाडीत बसलेल्याने ब्रेक दाबून पहिला गिअर टाकावा आणि क्लच किंचित सोडावा. ऑटोमॅटिक असेल तर डी, मग आर. बघणाऱ्याने बाजूला थांबावं, समोर नाही. इंजिन उसळलं, धप्प वाजलं, रबर चिरलेलं किंवा तेलाने ओलं दिसलं, की ते फाउंडेशन बदला. जॅक लावताना सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली) लाकडी फळी घ्या. बोल्ट शेवटचे आवळायच्या आधी इंजिनाचा भार फाउंडेशनवर येऊ द्या, नाहीतर रबर पिळलेलंच बसतं आणि नव्या फाउंडेशनवरही गाडी थरथरते.