अमेरिकेतील ‘घोस्ट गन’चा वाद कसा समजून घ्यावा

घरी जुळवलेल्या आणि अनुक्रमांक नसलेल्या बंदुकांना अमेरिकेत ‘घोस्ट गन’ म्हणतात. त्यांच्या नियमनाविषयीची बातमी समजून घ्यायची असेल, तर सुरुवात १९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्यापासून करावी. या कायद्याने परवानाधारक उत्पादकांना आणि आयातदारांना प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक कोरणे बंधनकारक केले. मात्र जी व्यक्ती बंदूक बाळगण्यास अपात्र नाही आणि स्वतःच्या वापरासाठीच ती घरी बनवते, तिच्यावर असे बंधन घातले नाही. त्या काळी अशा कामाला कसब आणि यंत्रे लागत, त्यामुळे ही मोकळीक फारशी कोणाला खुपली नाही. पुढे अर्धवट तयार भागांचे संच ऑनलाइन विकले जाऊ लागले आणि प्रश्न उभा राहिला.

मराठी वाचकाने येथे आपल्याकडचा ‘गावठी कट्टा’ डोळ्यांसमोर आणू नये. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना बंदूक बनवणे हाच गुन्हा आहे, त्यामुळे आपल्याकडे चर्चा होते ती अंमलबजावणीची. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मात्र घरी बंदूक बनवणे कायदेशीर आहे, आणि वाद आहे तो मुख्यतः तिचे भाग कोणी, कोणाला आणि कोणत्या अटींवर विकावेत याचा.

त्यानंतर २०२२ चा नियम पाहावा. बंदुकांचे नियमन करणाऱ्या एटीएफ या संघीय यंत्रणेने केलेला हा नियम त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लागू झाला. सहज बंदुकीत रूपांतर होऊ शकेल असा संच म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बंदूकच, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे विक्रेत्याला परवाना घेणे, अनुक्रमांक घालणे, नोंदी ठेवणे आणि ग्राहकाची पार्श्वभूमी तपासणे भाग पडते. या नियमाला ‘बंदी’ म्हणणारा मथळा दिसला, तर तो लेख सावधपणे वाचावा.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचताना अधिक सावधगिरी हवी. ‘बॉन्डी विरुद्ध व्हॅनडरस्टॉक’ या खटल्यात २६ मार्च २०२५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी हा नियम टिकला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी लिहिला, तर थॉमस आणि अलिटो यांनी विरोधी मत नोंदवले. न्यायालयासमोर प्रश्न होता तो एवढाच, की १९६८ च्या कायद्यातील शब्दांत हा नियम बसतो का. काही संच तरी त्या व्याख्येत निश्चित बसतात, म्हणून संपूर्ण नियम रद्द करता येणार नाही, असे उत्तर मिळाले; विशिष्ट संचांविषयीचे वाद पुढे होऊ शकतात. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवर हा निकाल बेतलेला नाही. माझ्या मते दोन्ही बाजूंनी त्याला जेवढे मोठे करून सांगितले, तेवढा तो नाही. ऑक्टोबर २०२४ मधील सुनावणीत अलिटो यांनी अंडी, हॅम, मिरची आणि कांदा समोर ठेवले तर त्याला ऑम्लेट म्हणायचे का, असे विचारले; त्यावर हेच साहित्य तयार संच म्हणून मागवले असेल तर उत्तर बदलेल का, असा प्रश्न न्यायमूर्ती बॅरेट यांनी केला. वादाचा कायदेशीर गाभा या दोन प्रश्नांत जितका स्वच्छ दिसतो, तितका अनेक लांबलचक लेखांतही दिसत नाही.

आकडे वाचताना ते कशाचे आहेत हे आधी पाहावे. माग काढण्यासाठी संघीय यंत्रणेकडे आलेल्या घोस्ट गन २०१७ मध्ये सुमारे १,६०० होत्या आणि २०२१ मध्ये १९,००० हून अधिक झाल्या. ही संख्या पोलिसांनी कळवलेल्या बंदुकांची आहे; वापरात असलेल्या बंदुकांची किंवा त्यांतून घडलेल्या खुनांची नव्हे. नोंदवण्याची सवय वाढली की असा आकडाही काही प्रमाणात वाढतो, हा नियमाच्या विरोधकांचा आक्षेप गैर नाही. पण एवढी मोठी वाढ केवळ त्यातून झाली असेल, हे पटण्यासारखे नाही.

माग कसा काढला जातो हे कळले, तर अनुक्रमांकाचा आग्रह का धरला जातो हेही कळते. बंदूकमालकांची संघीय नोंदवही उभारण्यास १९८६ च्या कायद्याने मनाई असल्यामुळे, वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील एटीएफच्या माग काढणाऱ्या केंद्राला उत्पादक, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार अशा क्रमाने चौकशी करत पहिल्या ग्राहकापर्यंत पोहोचावे लागते. अनुक्रमांक नसेल, तर या साखळीची पहिली कडीच हाती लागत नाही. गुन्हेगार अनुक्रमांक घासून टाकतातच, हा प्रतिवाद खरा आहे. परंतु पार्श्वभूमी तपासणीविना होणाऱ्या विक्रीच्या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. विरोधकांचा अधिक वजनदार मुद्दा वेगळा आहे: काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, न केलेला बदल प्रशासकीय यंत्रणेने नियमाच्या वाटेने करावा का?

शेवटी, संच आणि त्रिमितीय मुद्रण हे विषय वेगळे ठेवावेत. २०२२ च्या नियमाचा मुख्य भर विक्रीवर आहे; स्वतःच्या वापरासाठी घरी बंदूक छापणाऱ्याला त्यावर अनुक्रमांक घालण्याची सक्ती तो करत नाही, मात्र तीच बंदूक परवानाधारक विक्रेत्याच्या साठ्यात आली की त्याला ती चिन्हांकित करावी लागते. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांनी त्यापलीकडचे कायदे केले आहेत. त्यामुळे एखाद्या घटनेनंतर ‘कायदा अपुरा पडला’ असे म्हटले जाते, तेव्हा ती बंदूक संचातून आली की मुद्रकातून, आणि घटना कोणत्या राज्यात घडली, या दोन गोष्टी बातमीत शोधाव्यात. त्या नसतील, तर मत राखून ठेवावे.